चारचौघात कोणी आपल्या लेकीला ‘जाड झालीस’ म्हणालं तर काय करायचं

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात संगमनेरला पुतण्याची मुंज होती. पंगत बसलेली, उकाडा मरणाचा, माझी लेक (तेव्हा तेरा वर्षांची) चुलत भावंडांच्या रांगेत, वाढपी जिलबी घेऊन आला आणि तिने दुसऱ्यांदा मागून घेतली तर समोरून नवऱ्याच्या आत्या मोठ्याने म्हणाल्या, “काय गं, कुठल्या गिरणीचं पीठ खातेस?” झालं, सगळी रांग हसली. सांगायला लाज वाटते पण मी पण हसले, म्हणजे आपण हसतो ना तसं, आत्या मोठ्या आहेत, मांडवात उगाच विषय नको. लेकीने जिलबी ताटाच्या कडेला सरकवली आणि त्यानंतर कितीतरी महिने कुठल्याच कार्यक्रमात पंगतीला बसली नाही. “मी नंतर जेवते” एवढंच म्हणायची.

त्या रात्री मी तिला खोलीत घेऊन समजावलं, मनावर घेऊ नकोस, आत्या तशाच आहेत, त्यांचं मन वाईट नाही वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तू तिथे का नाही बोललीस?”

तर तेव्हापासून आजपर्यंत जे काही करून बघितलं, जे फसलं, जे जमलं, ते लिहितेय. माझ्या अनुभवातून सगळ्यात आधी सांगायची गोष्ट ही की टोमणा चारचौघात मारला असेल तर उत्तरही चारचौघातच, तिथल्या तिथे गेलं पाहिजे, आणि ते मुलीने नाही, मोठ्या माणसाने द्यायचं. खोलीत नेऊन काढलेली समजूत फक्त तिला ऐकू येते, पंगतीतल्या तीस जणांच्या कानात शेवटचं वाक्य आत्यांचंच राहतं. आणि तेरा वर्षांच्या पोरीने उलट उत्तर दिलं की मूळ विषय राहतो बाजूला आणि ‘किती उद्धट आहे’ हा नवीन सुरू होतो, हे तर तुम्हाला माहितीच आहे.

कोणी बोलायचं? ज्याचं माणूस त्याने. आत्या नवऱ्याच्या तर नवऱ्याने, माझी मावशी असेल तर मी. सुनेने सासरच्या मोठ्या बाईला टोकलं की ‘माहेरचं वळण’ निघतं, भाच्याने टोकलं की फार तर दोन मिनिटं शांतता होते. माझा नवरा आधी म्हणाला बायकांच्या बोलण्यात मी कुठे पडू, मी म्हटलं तुझी आत्या, तुझी मुलगी, मीच मधली बाहेरची आहे. मग पटलं. पण त्याला तयारी करून न्यावं लागतं हां, कारण ऐन वेळी पुरुष मंडळी ताटात बघायला लागतात. आम्ही गाडीत बसल्यावरच ठरवून ठेवतो, आज कोण कोण येणार आहे, कोण काय बोलू शकतं, कोण उत्तर देणार.

आता काय बोलायचं. वाक्य छोटं हवं, आवाज नेहमीचा हवा, आणि बोलून झालं की लगेच दुसरा विषय काढायचा म्हणजे समोरच्याला पळायला वाट मिळते. आमच्याकडे चाललेली वाक्यं ही:

“आत्या, तिच्या अंगावर नको बोलायला. ते जाऊ दे, तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?”

“मावशी, आमच्या घरात वजनावर बोलायचं नाही असं ठरलंय, मलाही कोणी बोलत नाही. बस ना, तुला मठ्ठा आणू?”

“काकू, तिला जेवू द्या शांतपणे.” (हे पंगतीसाठी, सगळ्यात छोटं आणि सगळ्यात कामाचं.)

अगदीच रेटून बोलणारं कोणी असेल, “अगं मी तिच्या भल्यासाठीच सांगतेय, पुढे लग्न जमायला त्रास होतो” वगैरे, तर भांडायचं नाही, फक्त “भल्यासाठी असेल तर मला बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको.” ह्यावर उत्तर नसतं कोणाकडे, कारण बाजूला घेऊन सांगण्यात कोणाला मजाच नसते.

काय बोलायचं नाही ही यादी मोठी आहे आणि ह्यातलं जवळजवळ सगळं मी बोलून चुकलेय. पहिलं म्हणजे “तुम्ही स्वतःकडे बघा की.” जीभ शिवशिवते पण नको, आत्यांचं पोट काढलं की आपणही तेच केलं, वर लेक ते शिकते. दुसरं, “अहो नाही, डाएट करतेय ती आता.” म्हणजे काय झालं, तर आपण आरोप कबूल केला आणि जामीन मागितला. तिसरं, “अभ्यासात मात्र पहिली असते हं आमची.” हे मला फार दिवस बरोबर वाटायचं, मग लक्षात आलं की ह्याचा अर्थ दिसण्याची कसर मार्कांनी भरून काढतेय असा होतो.

आणि मार्कांनी ती कसर भरत नाहीच. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला एक मुलगी ९८.५० टक्के मिळवून राज्यात पहिली आली, पेपरात फोटो आला आणि लोकांनी काय बघितलं तर तिच्या ओठावरची लव. देशभरातून टिंगल. ती पोरगी नंतर मुलाखतीत म्हणाली की एकदोन मार्क कमी पडले असते तर बरं झालं असतं, मग फोटो व्हायरल झाला नसता. मी हे वाचून अर्धा तास काही करू शकले नव्हते. पुढच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, केरळच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी फेसबुकवर लिहिलं की त्यांच्या आधी त्यांचे पती त्याच पदावर होते आणि कोणीतरी त्यांना ऐकवलं, तुमची कारकीर्द तितकीच काळी जितकी नवऱ्याची गोरी. अख्ख्या राज्याचं प्रशासन सांभाळणारी बाई, आणि मोजमाप कातडीच्या रंगाचं. तेव्हा पोरीला ‘तू शिक, मोठी हो, मग कोणी बोलणार नाही’ असं सांगू नका, ते खोटं आहे आणि तिला कधी ना कधी कळतं.

चौथं न बोलायचं वाक्य, हे घरी आल्यावरचं, “कुठे जाड आहेस तू, छानच तर दिसतेस.” प्रेमाने म्हणतो आपण पण तो परत निकालच झाला, फक्त पास केलं. आणि तिच्याकडे आरसा आहे, तिला माहितीये आपण मन राखायला बोलतोय. त्यापेक्षा मी आता एवढंच म्हणते, “ते बोलणं चुकीचं होतं, मी ऐकलं, बाबांनी सांगितलं त्यांना.” मग गप्प बसायचं. ती रडली तर रडू द्यायचं, नाही बोलली तर खोदून विचारायचं नाही. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी भांडी लावताना आपोआप बोलली.

बोलली ते हे, की शाळेत पीटीचा टी-शर्ट घट्ट होतो म्हणून ती ऐन उन्हाळ्यात पण जॅकेट घालून जाते. मला वाटायचं फॅशन आहे! तेव्हा बसून तिला नीट सांगितलं की पाळी सुरू व्हायच्या आसपासच्या वर्षांत मुलींच्या अंगात चरबी वाढणारच, कंबर मांड्या भरणारच, शरीराला ती लागते, कोणी आधी वाढतं कोणी उशिरा, आणि पिंपल्स पण त्याच हार्मोन्सचे. हे विज्ञानाच्या पुस्तकात असतं, पण घरात कोणी तोंडाने सांगितलेलं नसतं.

लक्ष कशाकडे ठेवायचं ते पण लिहिते. जेवण टाळणं, डबा परत येणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणं, दिवसातून चारदा वजनकाट्यावर उभं राहणं, सुरू झालेली पाळी बंद होणं, फोटोत कायम मागे किंवा उशी पोटाशी धरून. एखादी गोष्ट एखाद्या दिवशी दिसली म्हणून घाबरू नका, पण दोनतीन गोष्टी आठवडेच्या आठवडे चालल्या असतील तर डॉक्टरकडे न्या, आणि डॉक्टरला आधीच फोन करून सांगा की तिच्यासमोर वजनावरून लेक्चर नको. सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आईने स्वतःसाठी केला तरी चालतो.

रंगाचा विषय वेगळा घेते कारण त्यात जिवाशी खेळ होतो. ‘उन्हात जाऊ नकोस काळी पडशील’ इथून सुरुवात होते आणि कोणीतरी ताई पार्लरमधून बिननावाची डबी आणून देते, आठ दिवसांत उजळ. अशा डब्यांत बरेचदा दोन गोष्टी निघतात, स्टेरॉइड नाहीतर पारा. स्टेरॉइडने सुरुवातीला खरंच चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पिंपल्स येतात, लव वाढते, आणि लावायचं थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं. पारा तर किडनीवर जातो. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या आई आणि दोन मुली अशाच आजारी पडल्या होत्या, मुंबईला केईएममध्ये तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला, २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं. तेव्हा घरात अशी डबी सापडली तर पोरीवर ओरडू नका, डबी घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, फेकू नका, डॉक्टरला दाखवायला लागते. आणि डबी कोणी दिली ते बघण्याआधी, ती घ्यावीशी वाटेल असं तिला कोण बोललं ते बघा.

(फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. आमच्या गल्लीतल्या दुकानात अजून सगळे ‘फेअर लवली द्या’ असंच म्हणतात. नाव बदलायला एक दिवस लागतो.)

लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर एक काम आजच करा. बायोडाटा उघडा आणि त्यातली ‘वर्ण’ ही ओळ डिलीट करा. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, ही काय ज्वारी आहे का? माझ्या बायोडाटात आईने ‘निमगोरा’ लिहिलं होतं आणि कांदेपोह्यांच्या वेळी मुलाच्या मामीने कागद हातात धरून माझ्या तोंडाकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. माल बिलाप्रमाणे आलाय का ते बघतात ना, तसं. शादी डॉट कॉमने २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर रंगावरून शोधायची सोय काढून टाकली, तर आपल्याला वर्डच्या फाइलमधली एक ओळ काढायला काय हरकत आहे. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये तो रकाना छापलेलाच असतो, तिथे रेघ मारायची. कोणी फोनवर विचारलं “रंग कसा आहे?” तर “फोटो पाठवलाय, भेटायला या” एवढंच. जे खोदून खोदून विचारतात ते घर आपोआप गळतं, बरंच होतं.

लग्न ठरलं की मेकअपवाली आणि फोटोग्राफर ह्या दोघांशी ॲडव्हान्स द्यायच्या आधी बोला. मेकअपवालीला सांगा फाउंडेशन तिच्या मानेच्या रंगाचं हवं, दोन शेड उजळ नको, आणि ट्रायलचा फोटो उन्हात काढून बघा, हॉलच्या लाइटमध्ये काही कळत नाही. फोटोग्राफरला व्हॉट्सॲपवर लिहूनच द्या की एडिटिंगमध्ये रंग उजळवायचा नाही, कंबर दंड बारीक करायचे नाहीत. न विचारता करतात, त्यांना वाटतं गिऱ्हाईक खूश होईल. माझ्या जावेच्या अल्बममध्ये तिचा चेहरा एका रंगाचा आणि मेंदीचे हात दुसऱ्या रंगाचे आहेत, तिचा मुलगा विचारतो हे हात कोणाचे.

ऑफिसचं थोडक्यात, कारण तिथे नातेवाईकांसारखं सांभाळून घ्यायची गरज नाही. कोणी शरीरावरून घाणेरडं बोलत असेल, ‘फिगर’ वगैरे, तर ते मस्करीत मोडत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नकोशी लैंगिक शेरेबाजी हा छळच धरलाय. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, आणि ऑफिस छोटं असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जानेवारी २०२५ मध्ये केरळ हायकोर्टात एका माणसाने म्हणून बघितलं की सहकारी बाईची शरीराची ठेवण चांगली आहे म्हटलं तर त्यात काय गुन्हा, कोर्टाने केस रद्द करायला नकार दिला. तारीख, वेळ, वाक्य जसंच्या तसं आणि समोर कोण होतं हे त्याच दिवशी स्वतःला मेल करून ठेवा, नंतर आठवत नाही.

जाडीबद्दलचे साधे टोमणे ह्या कायद्यात बसतीलच असं नाही, पण तिथेही तेच, सगळ्यांसमोर एक वाक्य. माझ्या मैत्रिणीला साहेब दर मीटिंगला समोसे आले की “मॅडमसाठी दोन ठेवा” म्हणायचे. तिने एक दिवस पेन खाली ठेवून विचारलं, “सर, कळलं नाही मला, दोन का?” बस. समजावून सांगायची पाळी आली की विनोद मरतो. हा उपाय घरी पण चालतो पण आत्यांवर चालत नाही, आत्या खरंच समजावून सांगतात.

फॅमिली ग्रुपवर कोणी फोटोखाली ‘तब्येत छान झालीये’ आणि हसणारा चेहरा टाकला तर वैयक्तिक मेसेज करू नका, तिथेच लिहा, “फोटोत आजोबा किती खूश दिसतायत ते बघा, वजनाचं राहू दे.” दुसरं कोणीतरी अंगठा टाकतंच. आणि पोरीचे फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत.

आता अवघड भाग, म्हणजे आपलं तोंड. मी स्वतः बाळंतपणानंतर भेटायला आलेल्या नणंदेला दारातच म्हणाले होते, “अगंबाई, ओळखूच आली नाहीस.” तिला थायरॉइड निघाला होता हे मला महिन्याने कळलं. बाहेरून बघून आपल्याला काही कळत नसतं. हरनाझ संधू मिस युनिव्हर्स २०२१ झाली आणि काही महिन्यांत वजन वाढलं म्हणून लोकांनी तिला फाडून खाल्लं, तेव्हा तिने सांगितलं की तिला सिलिॲक आहे, गहू चालत नाही. पीसीओएस (हार्मोन्सचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते, वजन वाढू शकतं) तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पाळीच्या वयातल्या शंभरातल्या सहा ते तेरा बायकांना असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना स्वतःला पण माहीत नसतं. आणि ‘किती बारीक झालीस, मस्त!’ हे पण नको, माझ्या शेजारणीला ही दाद टीबी असताना मिळाली होती.

मग भेटल्यावर बोलायचं काय? खरंच अडतं, कारण आपल्याला सवयच ती. मी दोन आठवडे फोनमध्ये लिहून ठेवलं होतं, कोण भेटणार आणि त्यांना काय विचारायचं. ‘काय वाचतेस सध्या’, ‘तुझी मांजर कशी आहे’, ‘ये, बस, किती दिवसांनी’. शेवटचं सगळ्यांना चालतं. कौतुक करायचंच असेल तर तिने निवडलेल्या गोष्टीचं करा, साडीचा काठ, कानातलं, रांगोळी. आणि स्वतःबद्दल पण आरशासमोर ‘शी, काय ही ढोली’ असं बोलायचं बंद करावं लागतं, मुली तिथूनच उचलतात. मला हे अजून पूर्ण जमलेलं नाही.

आत्यांचं पुढे काय झालं म्हणाल तर परवा दिवाळीत घरी आल्या होत्या. लेक फराळाचं ताट घेऊन आली, आत्यांनी वर पासून खाली बघितलं, तोंड उघडलं, नवरा म्हणाला “आत्या…” आणि त्या म्हणाल्या, “अरे मी चकलीचं विचारतेय, भाजणी कुठली?” एवढं तर झालं.

माझ्या आईवर मात्र कुठलंच वाक्य चालेना. ती अजून दर रविवारी फोन उचलला की नातीला पहिलं हेच विचारते, “वजन किती आता?” चारदा सांगून झालं, एकदा भांडून झालं, दर वेळी “बरं बाई, नाही बोलत” म्हणते. सध्या रविवारचा फोन मी लावते, स्पीकर बंद ठेवून, आणि आईचं वजनाचं बोलून झालं की मगच लेकीकडे देते.